रंगभूषेचा परवाना

नाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वी किंवा चित्रपटाचा कॅमेरा फिरू लागण्यापूर्वी नटाच्या चेहऱ्याला ज्या हाताचा स्पर्श होतो, तो हात प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. राजाचे तेज, भिकाऱ्याची उपासमार आणि म्हाताऱ्याच्या सुरकुत्या हे सारे त्याच हाताने रेखलेले असते. हा हात कोणाचा असावा, त्याला काम करण्याची मुभा कोणी द्यावी आणि कोणत्या कसोटीवर द्यावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. तथापि याच प्रश्नाचा निर्णय करण्यासाठी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाला आपला वेळ खर्च करावा लागला, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने जो निकाल दिला त्याचे महत्त्व रंगपटापुरते मर्यादित राहिले नाही. एखाद्या धंद्यात शिरण्याचा परवाना कशासाठी असतो, आणि कशासाठी असता कामा नये, याचा खुलासा त्या निमित्ताने झाला. तो नीट समजावयाचा तर या धंद्याचा इतिहास थोडा मागून पाहिला पाहिजे.

मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ या खेळाने झाला असे मानण्यात येते. त्या काळच्या रंगपटात सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुर्दाडशिंग आणि काजळ एवढेच काय ते साहित्य. तेलाच्या दिव्यांच्या आणि मशालींच्या मंद उजेडात देव, दानव, ऋषी आणि राण्या दूर बसलेल्या प्रेक्षकांना ओळखू याव्यात म्हणून रंग दाट आणि ठळक लावीत. यांतील मुर्दाडशिंग हे शिशाचे संयुग, तर हिंगूळ हे पाऱ्याचे. दोन्ही कातडीला आणि शरीराला अपायकारक. नटाच्या तोंडावर रोज रात्री लावला जाणारा रंग त्याच्या शरीराशी काय करतो, याचा विचार करण्याची साधने त्या पिढीजवळ नव्हती. पुढे जस्ताचा सफेदा, मेणकट रंगकांड्या आणि तयार प्रसाधने आली, तेव्हा कुठे हा धोका कमी झाला.

त्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत असत. काही अपवादात्मक मंडळ्या सोडल्या तर स्त्रीला रंगमंचावर स्थान नव्हते, आणि रंगपटात तर त्याहूनही नव्हते. त्यामुळे पुरुषाचा चेहरा स्त्रीचा करून दाखविणे ही या कलेची सर्वांत कठीण परीक्षा मानली गेली. बालगंधर्वांची सिंधू किंवा भामिनी पाहून घरंदाज स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे आणि अंबाड्याचे अनुकरण करीत, हे सर्वश्रुत आहे. चित्रपटाचा आरंभही याच परंपरेतून झाला. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली; आणि १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये तर त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कॅमेऱ्यासमोर पाऊल टाकले, आणि पडद्यावरील स्त्रीचा चेहरा हा प्रथमच खऱ्या स्त्रीचा झाला. पुढे १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा गोमंतकात जन्मलेल्या ज्योत्स्नाबाई भोळे यांनी त्यात भूमिका केली. अभिनयाचे दार अशा रीतीने, विरोध सोशीत का होईना, उघडत गेले. रंगपटाचे दार मात्र तसेच राहिले. नटी आली, तरी तिच्या तोंडाला रंग लावणारा पुरुषच राहिला.

यातील विसंगती सहज नजरेत भरत नाही. स्त्रीरुग्णाची नाडी परपुरुषाने पाहू नये अशी ज्या समाजाची भावना होती, आणि जी उणीव दूर व्हावी म्हणून आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकावयास अमेरिकेस गेल्या, त्याच समाजाला नटीच्या चेहऱ्याला पुरुषाने रोज हात लावण्यात वावगे वाटले नाही. म्हणजे स्त्रियांना रंगभूषेपासून दूर ठेवण्याच्या मुळाशी संकोच किंवा मर्यादा नव्हती. हा धंदा पुरुषांचा आहे, ही सवय होती. आणि सवयीला कालांतराने नियमाचे रूप आले.

हे नियमाचे रूप कसे आले, ते पाहण्यासाठी बोलपटाच्या काळाकडे वळले पाहिजे. चित्रपटाने रंगभूषेला एक नवे शास्त्र दिले. आरंभीच्या काळातील फिल्मला तांबडा रंग नीट टिपता येत नसे. ओठांवरील लाली पडद्यावर काळी दिसे आणि गोरा चेहरा डागाळलेला दिसे. त्यामुळे प्रत्यक्षात विचित्र दिसणारे रंग चेहऱ्यावर लावावे लागत. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सर्व रंगांना संवेदनक्षम असलेली फिल्म आणि विजेचे नवे दिवे आले, तेव्हा हॉलिवुडमध्ये मॅक्स फॅक्टर यांनी त्याला अनुरूप प्रसाधने तयार केली. पुढे रंगीत चित्रपट आला आणि सारे गणित पुन्हा बदलले. कोणत्या प्रकाशात कोणती छटा कशी उतरेल, घामाने रंग फुटू नये म्हणून काय करावे, सकाळी सुरू झालेल्या प्रसंगाचा उरलेला भाग आठ दिवसांनी घेतला तर चेहरा तंतोतंत तसाच कसा आणावा, या गोष्टी पुस्तकात वाचून येत नसत. त्या उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहून शिकाव्या लागत. बाबा वर्दम यांच्या हाताखाली तयार झालेले आणि पुढे ‘पंढरीदादा’ या नावाने सर्वांना परिचित झालेले पंढरी जुकर हे अशाच गुरुपरंपरेचे उदाहरण होय. हुनर इतके कष्टसाध्य असल्यामुळे ते येणाऱ्या माणसाची काही ओळख असावी, नवशिक्याने नटाच्या चेहऱ्याशी खेळ करू नये, ही अपेक्षा गैर नव्हती.

दुसरे कारण पोटाचे होते. मुंबईतील चित्रनिर्मितीत मोठ्या संस्थांचा पगारी काळ मागे पडला आणि एकेका चित्रपटापुरते माणसे गोळा करण्याची पद्धत रूढ झाली. मग पडद्यामागील कामगार रोजंदारीवर आला. काम मिळाले तर मिळाले. मजुरी वेळेवर मिळेलच याची शाश्वती नाही. निर्माता बुडाला तर त्याच्याबरोबर कामगाराचे पैसेही बुडाले. अशा परिस्थितीत वेशभूषा, रंगभूषा आणि केशभूषा करणाऱ्यांनी एकत्र येऊन संघटना उभारली, आणि १९२६ च्या कामगार संघ अधिनियमाखाली तिची नोंदणी झाली. संघटनेचे सामर्थ्य एका छोट्याशा कार्डात साठविलेले होते. सभासदत्वाचे कार्ड असेल त्यालाच चित्रीकरणात काम मिळावे, नसेल त्याला कोणी ठेवू नये. ठेवल्यास दंड आणि प्रसंगी काम बंद. या एका उपायाने असंघटित माणसाला निर्मात्यासमोर ताठ मानेने उभे राहता आले. त्या काळच्या हलाखीकडे पाहिले असता या कुंपणाची गरज कोणीही नाकारणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रंगभूषाकाराला सरकारने परवाना द्यावा असा कायदा भारतात नव्हता. सरकारने लक्ष घातले ते प्रसाधनांच्या बाबतीत. १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६२ साली दुरुस्ती होऊन सौंदर्यप्रसाधनेही त्याच्या कक्षेत आली; ती तयार करणाऱ्या कारखान्याला परवाना आवश्यक ठरला आणि रंगासाठी शिसे व सोमल यांची संयुगे वापरण्यास मनाई झाली. मुर्दाडशिंगाच्या जमान्याचा हा कायदेशीर शेवट म्हणावा. म्हणजे पावडर बनविणाऱ्याला सरकारी परवाना हवा, ती लावणाऱ्याला नको, अशी ही व्यवस्था होती. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात याहून वेगळी रीत आहे. तेथे सौंदर्यगृहात गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर प्रसाधन करणाऱ्यास राज्याच्या मंडळाचा परवाना घ्यावा लागतो. मात्र चित्रपट, नाटक आणि दूरचित्रवाणी यांत नेमलेल्यांना त्यातून सूट आहे. एवंच, जगातील चित्रपटसृष्टीची दोन्ही मोठी केंद्रे पाहिली, तर रंगभूषाकाराचा खरा परवाना सरकारजवळ नव्हता. तो त्याच्या संघटनेजवळ होता. ज्या कार्डावाचून काम मिळत नाही, ते कार्ड कागदोपत्री सभासदत्वाचे असले तरी व्यवहारात परवानाच असते.

आणि परवाना देणाऱ्याच्या हाती जी सत्ता येते ती सर्व या कार्डाबरोबर आली. मुंबईच्या संघटनेच्या नियमावलीत सभासदत्व कोणाला खुले आहे हे सांगताना ‘मेकअपमन’ असा शब्द होता. हा शब्द बोलण्यात सहज येतो. पण संघटनेने तो अक्षरशः पाळला. १९५५ पासून चालत आलेली वहिवाट अशी की, रंगभूषेचे कार्ड पुरुषाला आणि केशभूषेचे कार्ड स्त्रीला. चेहरा एकाचा, केस दुसरीचे, अशी कपाळाच्या रेषेवर धंद्याची फाळणी झाली. एखाद्या स्त्रीला दोन्ही कामे उत्तम येत असली तरी ती रेषा ओलांडण्याची तिला मुभा नव्हती. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. वस्त्राच्या बाबतीत स्त्रीची प्रतिभा जगाने अशी मान्य केली; तरी तिने नटाच्या गालावर ब्रश फिरविणे हे मुंबईच्या नियमांत बसत नव्हते.

हा दोष केवळ मुंबईचा नव्हे. हॉलिवुडमधील रंगभूषाकार आणि केशभूषाकार यांच्या संघटनेला १९३७ साली अधिकारपत्र मिळाले, आणि तेथेही दीर्घकाळ हीच वाटणी चालली: मुखाचे काम पुरुषांकडे, केसांचे आणि देहाला रंग लावण्याचे काम स्त्रियांकडे. डॉरथी पोनेडेल या स्त्रीने त्या काळी मोठ्या चित्रसंस्थांत मुखरंगभूषाकार म्हणून काम केले. मार्लिन डिट्रिच आणि ज्युडी गार्लंड यांसारख्या नट्यांनी तिच्याच हातून रंगभूषा करून घेण्याचा आग्रह धरला, म्हणून तिला विरोध असतानाही टिकून राहता आले. नामांकित नटीचा पाठिंबा लाभला तर दार किलकिले होई. तो ज्यांना नव्हता त्या बाहेरच राहत. पुढे तेथील ही वाटणी मोडत गेली. मुंबईत ती एकविसाव्या शतकातही कायम राहिली.

चारु खुराना या रंगभूषाकार स्त्रीने लॉस एंजेलिस येथे रंगभूषेचे रीतसर शिक्षण घेतले होते. भारतात काम करू लागल्यावर तिने २००९ साली संघटनेकडे सभासदत्वासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. कारण स्पष्ट शब्दांत देण्यात आले: रंगभूषाकाराचे कार्ड आजवर कोणत्याही स्त्रीला दिलेले नाही, कारण हे काम करण्याची मुभा पुरुषांनाच आहे. तिच्या शिक्षणाविषयी शंका घेतलेली नव्हती. तिची परीक्षा घेऊन ती अनुत्तीर्ण ठरली असेही नव्हते. कार्डावाचून काम केल्याबद्दल तिच्यावर २६,५०० रुपये दंडाचा प्रसंगही आला. नकाराला आणखी एक जोड होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याचे महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य झालेले असावे, असा दुसरा नियम होता. प्रकरण राष्ट्रीय महिला आयोगाकडे गेले, पत्रव्यवहार झाला, तरी संघटना आपल्या जागेवरून हलली नाही. अखेरीस २०१३ साली राज्यघटनेच्या ३२ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल झाला.

कायद्याच्या दृष्टीने या प्रकरणात एक मोठी अडचण होती. मूलभूत हक्क हे मुख्यतः शासनसंस्थेविरुद्ध मागता येतात. कामगार संघटना ही खाजगी माणसांची संस्था; तिने कोणाला सभासद करावे आणि कोणाला करू नये हा तिच्या घरचा प्रश्न नव्हे काय? या शंकेला न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय ललित यांच्या खंडपीठाने दिलेले उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. संघटना आपले नियम घेऊन निबंधकाकडे जाते आणि कायद्याने नेमलेला तो अधिकारी त्यांची नोंदणी करतो, तेव्हा त्या नियमांना कायद्याचे बळ मिळते. ज्या नियमाने राज्यघटनेचा भंग होतो, त्याला राज्याच्या अधिकाऱ्याने मान्यता देणे शक्य नाही. शिवाय खुद्द १९२६ चा अधिनियम सभासदत्वाची अट घालताना वय सांगत होता; पंधरा वर्षे पुरी झालेली व्यक्ती सभासद होऊ शकते असे म्हणत होता; त्यात पुरुष आणि स्त्री असा भेद कोठेही नव्हता. जो भेद कायदेमंडळाने केला नाही तो संघटनेने आपल्या नियमावलीत कोणत्या आधारावर आणावा? सुनावणीच्या वेळी, हे २०१४ साल आहे, १९३५ नव्हे, अशा आशयाचे उद्गारही खंडपीठाकडून निघाले.

निकालाने स्त्रियांना वगळणारा नियम रद्द केला. असा भेदभाव समतेच्या तत्त्वाला, कोणताही व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला आणि उपजीविकेच्या हक्काला बाधक आहे असे न्यायालयाने म्हटले. उपजीविकेचा हा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व १९८५ साली मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांच्या प्रकरणात प्रस्थापित झाले होते. ते आता रंगपटातील स्त्रीच्या कामी आले. अर्जदार स्त्रियांची चार आठवड्यांच्या आत सभासद म्हणून नोंद व्हावी असा आदेश निघाला, आणि काम करताना त्यांना कोणी उपद्रव दिल्यास पोलिसांनी संरक्षण द्यावे असेही सांगण्यात आले. नुसता नियम पुसून भागणार नाही, चित्रीकरणाच्या जागी जाऊन उभे राहण्याची सोय झाली पाहिजे, हे न्यायालयाने ओळखले होते.

वास्तव्याची अटही त्याच निकालाने रद्द झाली. या भागाची चर्चा त्या वेळी कमी झाली. वस्तुतः महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला तिचे महत्त्व अधिक वाटावे. त्या अटीप्रमाणे बेळगावची, पणजीची, इंदूरची किंवा बडोद्याची मराठी रंगभूषाकार मुंबईस आली, तर पाच वर्षे तिने हातावर हात ठेवून बसावयाचे होते. मराठी नाटकाचा इतिहास मात्र नेमका याच्या उलट आहे. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मास्टर दीनानाथ गोव्याच्या मंगेशीचे. गंधर्व नाटक मंडळीला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय होता. नाटक मंडळ्या रंगाच्या पेट्या आणि पडदे घेऊन संस्थानांच्या आणि प्रांतांच्या सीमा ओलांडीत गावोगाव फिरत, आणि त्यांना दाखला विचारीत नसत. ज्या कलेचे पोषण अशा मुक्त संचाराने झाले, तिच्याच रंगपटाच्या दाराशी पाच वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागितला जावा, हे त्या इतिहासाचे विस्मरण होते.

धंद्याच्या परवान्यात स्त्री म्हणून अडवणूक होण्याचे हे प्रकरण भारतात पहिले नव्हते. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या आणि मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याचे शिक्षण पुरे केले. परंतु वकिलीची सनद त्यांना अनेक वर्षे मिळाली नाही. कलकत्त्यात १९१६ साली रेजिना गुहा यांचा आणि पाटण्यात १९२१ साली सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज फेटाळला गेला. कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्रीचा समावेश होतो की नाही, यावर तेथे खल झाला. शेवटी १९२३ साली खास कायदा करून स्त्रियांना वकिली खुली करावी लागली. पुढे १९७९ साली परराष्ट्रसेवेतील सी. बी. मुथम्मा यांना, विवाहासाठी शासनाची परवानगी मागण्याच्या नियमाविरुद्ध, सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. मद्य दिले जाणाऱ्या जागी स्त्रियांना नोकरी नको, असे सांगणारे १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातील कलम २००७ साली रद्दबातल ठरले. प्रत्येक वेळी कारण निराळे सांगण्यात आले. कधी शब्दाचा अर्थ, कधी सेवेची शिस्त, कधी स्त्रीचे संरक्षण. परिणाम मात्र एकच होत असे, तो म्हणजे तिच्या उपजीविकेची वाट अडविली जात असे.

रंगभूषेच्या बाबतीत कारण सांगितले गेले ते पुरुष कामगारांच्या पोटाचे. स्त्रिया आल्या तर नट्या त्यांनाच बोलावतील आणि पुरुषांवर बेकारीची पाळी येईल, ही भीती होती. ही भीती खोटी म्हणून उडवून लावणे न्याय्य होणार नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला प्रत्येक नवा हात हा आपल्या ताटातील घास उचलणारा वाटतो. परंतु ही भीती बोलून दाखविणे म्हणजेच एक कबुली देणे होते, की स्त्रीला हे काम येते, आणि इतके चांगले येते की संधी मिळाल्यास तिला मागणी येईल. मग तिला वगळण्यात कलेचे कोणते रक्षण झाले? संघटना उभी राहिली होती ती बलवान निर्मात्यापासून दुर्बल कामगाराला वाचविण्यासाठी. तिच्या कुंपणाबाहेर ज्या स्त्रिया राहिल्या त्यांना ना मजुरीची हमी होती, ना तक्रारीची जागा. त्या चोरून काम करीत आणि सापडल्या तर दंड भरीत. कामगारांच्या ऐक्याचे हत्यार त्यांतल्याच अधिक दुर्बल कामगारांवर चालले.

राज्यघटनेने या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. एकोणिसाव्या अनुच्छेदाने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले, आणि त्याच अनुच्छेदात पुढे असेही म्हटले की एखाद्या व्यवसायासाठी आवश्यक ती व्यावसायिक किंवा तांत्रिक पात्रता ठरविण्याचा कायदा राज्याला करता येईल. म्हणजे परवाना ही कल्पना घटनेला अमान्य नाही. कातडीचे गुणधर्म, प्रसाधनातील द्रव्ये, उपकरणांची स्वच्छता, एका चेहऱ्यावरचा संसर्ग दुसऱ्यावर न जाऊ देण्याची दक्षता, प्रकाश आणि छटा यांचे ज्ञान, या गोष्टींची परीक्षा कोणी घेतली तर त्यात नटाचे हितच आहे. अशी परीक्षा पुरुषाने द्यावी आणि स्त्रीनेही द्यावी. जो उत्तीर्ण होईल त्याचा हात चालावा. परवाना हा हाताच्या कसबाला असतो. तो हात कोणाचा, आणि त्याचे गाव कोणते, हे विचारण्याचा त्याला अधिकार नाही. २०१४ च्या निकालाने संघटनेचे अस्तित्व, तिची वर्गणी, मजुरीसाठी भांडण्याचे तिचे सामर्थ्य यांपैकी कशालाच धक्का लावला नाही. फक्त तिच्या नियमावलीतील लिंगाची आणि वास्तव्याची अट तेवढी काढून टाकली.

खंडपीठाच्या तोंडी १९३५ हे साल आले ते बहुधा जुन्या काळाचे नाव म्हणून. योगायोग असा की त्याच साली पुण्याच्या ‘प्रभात’ने ‘धर्मात्मा’ हा चित्रपट पडद्यावर आणला, आणि त्यात संत एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली. मराठी रंगभूमीवर स्त्रीरूपाचा आदर्श ठरलेला हा नट कॅमेऱ्यासमोर पुरुषवेषात उभा राहिला. पडद्यावर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या होत्या, आणि त्यामुळे कलेची हानी झाली असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. अभिनयाने जो बदल तेव्हाच पचविला होता, तो रंगपटात येण्यास आणखी जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. त्या ऐंशी वर्षांत ज्यांच्या हाती कला होती पण कार्ड नव्हते, अशा किती स्त्रियांनी ब्रश खाली ठेवला असेल, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. चित्रपटाच्या शेवटी नामावली सरकू लागते तेव्हा प्रेक्षक उठून निघालेले असतात. त्या नामावलीत रंगभूषेच्या ओळीपुढे आता एखाद्या स्त्रीचे नाव येते, आणि ते तेथे येण्यासाठी काय घडावे लागले हे ज्याला ठाऊक आहे, तो ती ओळ वाचून मगच उठेल.